लेपाच्या पोटांतील कापूस
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारास माझी भाची एक बोचकें घेऊन माझ्याकडे आली. बोचक्यांत तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, लग्नांतला शालू होता. पदर ठिकठिकाणीं विरलेला, जर काळवंडलेली. पण मधला पोत अजून शाबूत होता. ती म्हणाली, "मामा, मला ह्याचा जुन्या चालीचा लेप करावयाचा आहे. वरची बाजू शालूची, अस्तर खादीचें, भोंवतीं लाल मगजी. सारें ठरलें आहे. आंत काय भरावयाचें तेवढें सांगा."

तिनें जी गोष्ट 'तेवढी' म्हणून शेवटीं ठेवली होती, तीच खरोखर पहिली होती, हें कळावयास आम्हां दोघांस दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जें वाचलें, पाहिलें आणि हातानें करून पाहिलें, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ह्या बाबतींत सल्ला देण्याचा मला अधिकार होता असें नाहीं. उलट एक अपराध माझ्या नांवावर जमा होता. वीस वर्षांपूर्वीं आईचा रोजच्या वापरांतला लेप मीं शहरांतील एका दुकानीं नवा करण्यास दिला. दुकानदारानें आंतला जुना कापूस काढून टाकला आणि त्या जागीं कृत्रिम धाग्याचा पांढरा, हलका, फुगीर थर घातला. लेप दिसावयास मोठा देखणा झाला. परंतु पहाटे अंग घामेजून जाई, थंडीच्या कोरड्या रात्रीं तो ओढून घेतांना चटचट ठिणग्या उडत, आणि दोन वर्षांत आंतला थर सरकून एका बाजूस गोळा झाला. आईनें एकदांच विचारलें, "आंतला कापूस कोठें गेला रे?" तो कापूस तिच्या वऱ्हाडांतल्या माहेरच्या शेतांतला होता, आणि दर चार-पांच वर्षांनीं पिंजून घेऊन तिनें तो चाळीस वर्षें वापरला होता. मला हें ठाऊक नव्हतें, कारण मीं विचारलेंच नव्हतें. शालूच्या बाबतींत तीच चूक झाली असती तर ती दुरुस्त करावयास दुसरा शालू नव्हता.

प्रथम शब्दांचा घोंटाळा दूर करूं. गोधडी किंवा वाकळ ही भरलेली नसते. जुनीं लुगडीं आणि धोतरें एकावर एक पसरून त्यांवर दोरे भरले कीं गोधडी झाली. तिची ऊब थरांची असते. लेप, दुलई, रजई ह्यांची रचना निराळी. वर एक कापड, खालीं अस्तर, आणि मध्यें न कांतलेले, न विणलेले मोकळे तंतु. ह्या तंतूंना स्वतःची ऊब नसते. ते हवा अडवून धरतात, आणि ती स्तब्ध हवा अंगांतील उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणून भरण्याच्या वस्तूची पारख तीन प्रश्नांनीं होते. ती हवा किती अडविते? किती दिवस अडविते? आणि जेथें ठेविली तेथेंच राहते काय? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळ्या देशांनीं निरनिराळीं दिलीं आहेत, आणि जुन्या पांघरुणांचा इतिहास म्हणजे बहुतांशीं ह्या उत्तरांचाच इतिहास आहे.

आपल्या देशांतील फार जुनें उत्तर बौद्धांच्या विनयपिटकांत सांपडतें. भिक्षूनें तूल भरलेली खाट किंवा आसन करवून घेऊं नये, आणि करविलें असेल तर तें भरण उसकून काढावें, असा तेथें नियम आहे. नियम करावा लागला, ह्यावरूनच मऊ बिछान्याचा मोह किती जुना आहे हें दिसतें. हें तूल तीन प्रकारचें सांगितलें आहे: झाडाचें, वेलीचें आणि गवताचें. उशी मात्र भरलेली चालते. पण ती डोक्यापुरतीच असावी. गादीला तेथें 'भिसी' म्हटलें आहे आणि तिच्या भरणाचे पांच प्रकार दिले आहेत: लोकर, कापडाच्या चिंध्या, झाडाची साल, गवत आणि पानें. आजच्या बाजारांत 'नैसर्गिक' म्हणून जें जें विकावयास येतें त्याची ही बहुतेक पुरी यादीच आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत सूत्राध्यक्षाचें जें प्रकरण आहे त्यांत कापूस आणि तूल हीं दोन निराळीं सांगितलीं आहेत. म्हणजे सरकीचा कापूस वेगळा आणि झाडावरून उडणारी म्हातारी वेगळी, हा भेद त्या काळच्या लोकांस पक्का ठाऊक होता.

ह्या दुसऱ्या प्रकारांतील आपल्या ओळखीचा प्रतिनिधि म्हणजे सावरीचा कापूस. फाल्गुन-चैत्रांत सह्याद्रीच्या उतारांवर तांबड्या फुलांनीं पेटलेलें जें झाड दिसतें, तीच ही सावर, संस्कृतांतील शाल्मली. तिच्या बोंडांतील तंतु रेशमासारखा चमकतो आणि आंतून पोकळ असतो. त्याच्या जातीचा जो विलायती भाऊ, ज्यास व्यापारांत कपोक म्हणतात, त्याचा तंतु तर बहुतांशीं हवेचाच भरलेला असतो. त्यावर मेणचट लेप असल्यामुळें तो पाण्यावर तरंगतो, आणि म्हणूनच एके काळीं जहाजांवरील तरंगपट्टे त्यानें भरीत. माझ्या भाचीनें प्रथम हीच सूचना केली होती. परंतु सावरीच्या तंतूला पीळ नाहीं, कुरळेपणा नाहीं. एक तंतु दुसऱ्याला धरून राहत नाहीं. जरा विरळ कापड असलें कीं तो बाहेर उडतो, वारंवार दबून मोडतो आणि त्याची पूड होते. उशीला आणि लोडाला तो उत्तम. कारण तेथें तो घट्ट कोंडलेला असतो. पांघरुणांत पातळ थरानें पसरून टिकण्याचा गुण त्याच्या अंगीं नाहीं.

सरकीच्या कापसाची गोष्ट वेगळी. बोंड मिटलेलें असतें तेव्हां कापसाचा प्रत्येक तंतु रसानें भरलेली एक बारीक नळी असतो. बोंड फुटून तो वाळला कीं नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतो. ह्या पिळामुळेंच कापूस कांतला जातो, आणि ह्या पिळामुळेंच लेपांतला कापूस एकमेकांत अडकून जागेवर राहतो. मात्र त्यासाठीं दोन क्रिया नीट झाल्या पाहिजेत: सरकी काढणें आणि पिंजणें. सरकी काढण्याची फार साधी रीत अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील एका भित्तिचित्रांत दिसते: सपाट फळी आणि तिच्यावर फिरविण्याचा रूळ. पिंजण्याच्या साधनास संस्कृत कोशांत पिंजन, विहनन आणि तूलस्फोटनकार्मुक अशीं नांवें आहेत. तूलस्फोटनकार्मुक म्हणजे कापूस फोडणारें धनुष्य. ज्यांचें बालपण जुन्या वाड्यांत गेलें असेल त्यांना तें धनुष्य आठवेल. आढ्याला टांगलेली ती लांब धनुकली, तिची तांत, तिच्यावर डमरूच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याचा आघात, आणि त्या टणत्कारासरशीं दबलेल्या कापसाचे ढग होऊन उडणें. पिंजारी दारावर आला म्हणजे मुलांना सुटी असे आणि मोठ्या माणसांना खोकला.

हें धनुष्य केवळ आपल्यापुरतें राहिलें नाहीं. चीनमध्यें कापसाचा सार्वत्रिक प्रसार होण्यापूर्वीं श्रीमंतांच्या पांघरुणांत रेशमाचे उकललेले कोश पसरीत, आणि गरिबांच्या वांट्यास तागाचा चोथा व रेशमाची रद्दी येई. सन १२९५ च्या सुमारास हुआंग दाओपो नांवाची एक स्त्री हैनान बेटावरून यांगत्से नदीच्या मुखाजवळील आपल्या गांवीं परतली आणि तिनें तेथील लोकांस सरकी काढण्याच्या, धनुष्यानें पिंजण्याच्या व विणण्याच्या सुधारलेल्या रीती शिकविल्या. पुढें त्या प्रांताचें सारें वैभव कापसावर उभें राहिलें. रेशमाचें भरण तरीहि मागें पडलें नाहीं. कोश उकलून जाळीसारखे ताणतात आणि ते पापुद्रे एकावर एक रचतात. अखंड लांब तंतूंचें हें जाळें थोड्या टांक्यांवरहि सरकत नाहीं. वजन कमी, ऊब चांगली, अंगावर पडणें लोण्यासारखें. दोष इतकाच कीं किंमत भारी, आणि घाम व ऊन हे दोन्ही रेशमाचे वैरी.

कापूस पश्चिमेकडे गेला तो अरबांच्या हातांतून. इंग्रजींतील 'कॉटन' हा शब्दहि अरबी 'कुत्न' ह्यापासूनच आला. सिसिली बेटावर अरबांचा अंमल होता. तेथें कापूस रुजला. युरोपांतील जीं अगदीं जुनीं भरीव पांघरुणें आज टिकून आहेत, त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध पांघरूण ह्याच सिसिलींत १३६० ते १४०० च्या दरम्यान झालें. त्याच्यावर ट्रिस्टनच्या प्रेमकथेंतील प्रसंग उठावानें काढलेले आहेत. एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आणि एक फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयांत आहे. दोन्ही बाजूंस तागाचें, म्हणजे अळशीच्या वाखाचें, कापड आणि आंत कापूस. माणसें, घोडे, जहाजें हीं भरीव कापसानें वर आलेलीं, आणि भोंवतालची जमीन बारीक टांक्यांनीं दाबून सपाट केलेली. सहा शतकें उलटलीं, तरी घोड्यांची अंगें फुगीर आहेत. ह्याचें श्रेय एकट्या कापसाला देतां येत नाहीं. त्या कापसाला टांक्यांनीं इतक्या लहान लहान कप्प्यांत कोंडलें आहे कीं त्याला हलावयास जागाच नाहीं.

येथें मला पहिली किल्ली सांपडली. भरण निवडणें आणि टांक्याचें अंतर ठरविणें हीं दोन कामें नाहींत. तें एकच काम आहे. तंतु आखूड आणि मोकळे असले तर टांके जवळ हवेत. तंतु लांब आणि एकमेकांस धरून राहणारे असले तर टांके दूर चालतात. बंगालच्या मुर्शिदाबादेंत 'बालापोश' म्हणून एक नामांकित पांघरूण होत असे. रेशमी कापडाच्या आंत पिंजलेल्या कापसाचा पातळ थर अत्तर लावून ठेवीत, आणि टांके केवळ कडेनें घालीत. एवढ्यावर तो कापूस जागेवर राही, तो पिंजणाऱ्याच्या हाताच्या कसबावर. जयपुरी रजईंत पाव किलो कापूस पुरतो अशी जी ख्याति आहे, तिच्याहि मुळाशीं पिंजण्याचीच कला आहे.

लोकरीचें उत्तर थंड आणि ओल्या देशांनीं दिलें. वेल्समधील शेतकऱ्यांच्या बायका कुंपणांना आणि कांट्यांना अडकलेली मेंढ्यांची लोकर वेंचून आणीत, ती धुऊन विंचरून पांघरुणांत भरीत. आणि नवी लोकर नसली तर जुनें कांबळेंच दोन कापडांमध्यें घालून शिवीत. खाणींच्या प्रदेशांत बेकारी माजली तेव्हां, १९२८ सालीं, सरकारी पैशावर चालणाऱ्या ग्रामोद्योग मंडळानें वेल्स आणि डरॅम येथील ही कला पुन्हां उभी केली, आणि त्या बायकांचीं पांघरुणें लंडनमधील बड्या हॉटेलांत गेलीं. लोकरीचा तंतु जन्मतः कुरळा असतो. दाबला तरी परत उभा राहतो. शिवाय ओलावा पोटांत घेण्यांत तिची बरोबरी कोणी करीत नाहीं. ठराविक दमट हवेंत कापूस आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के पाणी धरतो, रेशीम अकरा, लोकर सोळा. आणि माझ्या आईच्या लेपांत घातलेला तो कृत्रिम पॉलिएस्टर धागा अर्धा टक्काहि नाहीं. पहाटे अंग कां घामेजत होतें, ह्याचें उत्तर मला वीस वर्षांनीं ह्या चार आंकड्यांत मिळालें. त्या धाग्याचा शोध १९४१ सालीं इंग्लंडांत लागला. कपड्यांस तो उपयोगी पडला ह्यांत शंका नाहीं, पण पांघरुणांत तो ऊब देतो आणि घाम परत करतो.

मग लोकर कां नको? आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि केसाळ. ती घोंगडीला योग्य, पण भरणांत घातली तर तिचे राठ केस कापडांतून बाहेर डोकावतात. परदेशी मऊ लोकर मिळते. परंतु तिला कसर लागते, आणि एकदां कसर शिरली म्हणजे ती शेजारच्या रेशमाचीहि गय करील असें नाहीं. गरम पाण्यांत चोळली तर लोकर थापटून नमद्यासारखी होते. शालूच्या संगतींत ही जोखीम घेण्यास मन धजेना.

अमेरिकेच्या पांघरुणांच्या इतिहासांत एक गमतीचा भ्रम आहे, आणि तो आपणांस फार शिकविणारा आहे. एली व्हिटनीनें १७९३ सालीं सरकी काढण्याचें यंत्र बनविलें. पुढच्या वर्षीं त्यास सनद मिळाली. तेव्हांपासून त्या देशांत एक समजूत रूढ झाली कीं, पांघरूण उजेडासमोर धरलें आणि आंत सरकीचे काळे ठिपके दिसले, तर तें १७९३ च्या पूर्वींचें. कित्येक घराण्यांनीं आपलीं पांघरुणें ह्या पुराव्यावर शंभर वर्षांनीं जुनीं ठरविलीं! वस्तुतः यंत्रांतून निघालेल्या हलक्या रुईंतहि फुटलेली सरकी राहतेच, आणि घरापुरता कापूस हातानें सोलण्याची रीत यंत्रानंतरहि पुष्कळ वर्षें चालू होती. त्या यंत्रानें जें खरोखर बदललें तें निराळेंच होतें: कापसाची लागवड भराभर वाढली आणि तिच्याबरोबर गुलामगिरीचा विस्तार झाला. पांघरुणाच्या पोटांतील ठिपक्यांवरून त्याचें वय सांगतां येत नाहीं. पण तो कापूस कोणाच्या हातांनीं वेंचला, हा प्रश्न त्या ठिपक्यांनीं विचारावा.

आतां आपल्या घरच्या कापसाकडे येऊं. शेंकडों वर्षें आपल्याकडे पिकत आला तो देशी कापूस. त्याचा तंतु बहुधा आखूड आणि जाडा. हिंगणघाटच्या बाजारांतला 'बनी' कापूस हा त्यास अपवाद. बारीक धाग्यासाठीं त्याचें नांव होतें. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरला पोंचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोंचली. मग शेतकऱ्यांस भरड पण अधिक रुई देणाऱ्या जाती परवडूं लागल्या आणि बनी मागें पडली. सूत कांतणारे हळहळले. पण जो तंतु कांतणाऱ्यास वाईट, तोच लेप भरणाऱ्यास चांगला! आखूड व जाड देशी तंतु स्प्रिंगेसारखा उभा राहतो, लवकर दबत नाहीं, आणि पुन्हा पुन्हा पिंजला तरी गांठी धरीत नाहीं. त्याच्या उलट अमेरिकन जातीचा लांब, मऊ, बारीक तंतु सूतगिरणीचा लाडका; परंतु लेपांत तो लवकर बसतो. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांतील कापसाचें जवळजवळ सर्व क्षेत्र देशी जातींचें होतें. पुढें अमेरिकन जाती आणि त्यांचे संकर वाढले, २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली, आणि आज महाराष्ट्रांत देशी कापूस शोधून काढावा लागतो. उत्तरेंत राजस्थान, हरियाणा, पंजाब ह्या बाजूस 'बंगाल देशी' ह्या व्यापारी नांवानें आखूड कापूस अजून पिकतो. औषधी कापसासाठीं आणि रजयांसाठीं त्याला मागणी आहे.

बाजारांत हिंडलों तेव्हां आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानांत आल्या. आपल्या उपयोगाच्या म्हणून सांगतों. 'शुद्ध कापूस' म्हणून जें भरण मिळतें तें पुष्कळदां गिरणीच्या झाडणीचें किंवा फाडून पुन्हा पिंजलेल्या चिंध्यांचें असतें. मूठभर कापूस उजेडांत विलग करून पाहावा. रंगीत धाग्याचे तुकडे दिसले तर तो चिंध्यांचा. 'बांबूचें नैसर्गिक भरण' म्हणून जें विकतात तो बांबूचा लगदा रासायनिक रीतीनें विरघळवून पुन्हां काढलेला कृत्रिम रेशमाचा प्रकार आहे. त्याला नैसर्गिक म्हणणें म्हणजे नावेला झाड म्हणण्यासारखें आहे. आणि शंका आली तर चिमटींत चार तंतु धरून थाळीवर जाळावे. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. लोकर आणि रेशीम केस जळाल्याचा वास देतात आणि त्यांची काळी गोळी बोटांनीं चुरडते. कृत्रिम धागा वितळतो आणि निवल्यावर टणक मणी होतो.

इतकें झाल्यावर आम्ही शालूकडे वळलों, आणि तेथें सारी विद्या अडली. देशी कापूस घ्यावा हें ठरलें. पण देशी कापसाला टांके जवळ जवळ हवेत, आणि सत्तर वर्षांच्या विरलेल्या रेशमांतून तीन-तीन बोटांवर सुई घालणें म्हणजे त्याची चाळण करणें. भाची म्हणाली, "मग रेशीमच भरूं, टांके कमी लागतील." उत्तर चूक नव्हतें. पण ज्या घराण्याचा लेप करावयाचा त्या घराण्यांत रेशीम कधीं भरलें गेलें नव्हतें. जुन्या चालीचा लेप म्हणतांना तो वरून जुना दिसला कीं पुरे, कीं तो जुन्या लेपासारखा वागलाहि पाहिजे, हा प्रश्न मीं तिला विचारला आणि मलाहि विचारला.

आईचा लेप कसा वागत असे? दर चार-पांच वर्षांनीं तो उसवला जाई. म्हणूनच त्याचे टांके लांब, जाड दोऱ्याचे, सहज कापतां येण्याजोगे असत. आंतला कापूस पिंजून पुन्हां त्याच कापडांत जाई. सिसिलीचें पांघरूण कायमचें शिवलेलें होतें. आपला लेप उसविण्यासाठींच शिवलेला होता. त्यामुळें कापूस दबतो हा दोष आपल्या लोकांना दोष वाटला नाहीं. त्याचा उपाय दारावर चालत येत होता. पिंजारी गेला तेव्हां कापूस एकाएकीं वाईट ठरला. वस्तुतः कापसांत कांहींच बदललें नव्हतें.

उपाय अखेर आमच्याच घरांत सांपडला, आणि त्याचें नांव खोळ. जुन्या बायका चांगल्या रजईला खोळ घालीत, कारण रजई धुवावयाची नसते, खोळ धुवावयाची असते. आम्ही क्रम उलटा केला. कापूस मलमलीच्या दोन पदरांत भरून त्यावरच टांके घालावयाचे. आणि शालू त्या आंतल्या लेपाची खोळ करावयाचा. म्हणजे शालूला सुई लागेल ती केवळ कडेनें, आणि पांच वर्षांनीं कापूस पिंजावयाचा झाला तर शालूला धक्का न लावतां तो बाहेर निघेल.

आईच्या माहेरीं चौकशी केली. गांवांत आतां देशी कापूस कोणी लावीत नाहीं. शेजारच्या तालुक्यांत एका शेतकऱ्यानें घरापुरतें दोन तास देशी लावलेलें होतें. त्यानें चार किलो कापूस दिला. सरकी काढावयास जिनांत एवढासा कापूस कोणी घेईना. मग पाटावर गुळगुळीत लोखंडी सळई फिरवून, अजिंठ्याच्या चित्रांतल्या त्या रीतीनेंच, आम्ही घरच्या माणसांनीं आठ संध्याकाळीं बसून सरकी काढली. हाताला सव्वा किलोच्या आसपास रुई लागली. पुढचें काम जुन्या पेठेंतील एका वृद्ध पिंजाऱ्याकडे नेलें. त्यांच्याकडे आतां विजेवर चालणारें यंत्र आहे. धनुकली भिंतीला टांगलेली आहे. कापूस हातांत घेऊन त्यांनीं चिमटींत ओढून पाहिला आणि भाचीला म्हणाले, "बेटी, हा कोठून आणलास? असा कापूस यंत्रांत घालायचा नाहीं, तुटेल." त्यांनीं धनुकली खालीं उतरविली, तिला नवी तांत लावली. खांदा पूर्वींसारखा चालत नाहीं, म्हणून काम दोन दिवस चाललें. पैसे किती द्यावे असें विचारलें तेव्हां त्यांनीं यंत्राच्या पिंजणीचाच दर सांगितला. आम्ही तो मानला नाहीं.

लेप संक्रांतीला पुरा झाला. तो बाजारच्या रजईहून थोडा जड आहे, आणि कोठें कोठें सरकीचा काळा ठिपका मलमलींतून दिसतो. तो पाहून उद्यां कोणी लेपाचें वय शंभर वर्षें सांगूं लागला, तर त्यास व्हिटनीची गोष्ट सांगावी, अशी मीं भाचीला ताकीद देऊन ठेविली आहे. तिनें खोळीच्या आंतल्या बाजूस एक लहानशी पट्टी शिवली आहे. तिच्यावर तिनें लिहिलें आहे: कापूस देशी, हातानें सोललेला, धनुकलीवर पिंजलेला, पांच वर्षांनीं उसवून पुन्हां पिंजून घ्यावा.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांच्या माळ्यावर एखादा जुना लेप असेल. तो नवा करण्यास देण्यापूर्वीं एक टांका उसवून आंत पाहावें, आणि घरांत कोणी वडील माणूस असेल तर तो कापूस कोठला, हें त्यांना विचारावें. मीं विचारलें नाहीं. आईला उत्तर देण्याची वेळ आतां निघून गेली आहे. पण तिच्या प्रश्नाचें उत्तर निदान तिच्या शालूंत भरून ठेवतां आलें, एवढें समाधान आहे.